जमिनीवरचे बारा

प्रिय अर्डिसताई,

लोरेटाचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणताहेत, भावोजींचा खोकला हटला का? तू पाठवलेला पीचचा मुरंबा पोचला. बरणी वाटेतच फुटली होती, पण काचा वेचून खाल्ला. मी बरी आहे (म्हणजे जेवते, आंघोळ करते).

यान उतरलं ते तू टीव्हीवर पाहिलंच असशील. वजन हरपलं की हाडांचं काय होतं ते शोधायला त्यातून बारा उंदीर गेले होते. त्यांचे बारा जोडीदार खाली माझ्या ताब्यात. नियम असा, की वरच्यांचं जे होईल तेच खालच्यांचं. वरचा दिवा मालवला की मीही मालवायचा. उड्डाणाच्या दिवशी माझ्या बाराजणांना थरथरत्या टेबलावर ठेवून आठ मिनिटं गदगदा हलवलं (प्रवास कसला, नुसते हाल). आणि यान उतरलं की हाडं तपासायला वरचे मारायचे, म्हणून त्याच तासाला खालचेही.

आता मी देवाकडे काय मागणार, तूच सांग. अख्खं अंतराळ केंद्र आभाळ मोकळं व्हायची वाट बघतंय आणि मी चर्चमध्ये पावसासाठी गुडघे टेकून बसलेली. उतरताना यानाला इंजिनाचा आधार नसतो, एकदा चुकलं की पुन्हा फिरून येणं नाही, म्हणून ढग दिसले की उतरणं उद्यावर जातं. सोमवारी ढग आले. मंगळवारीही आले. उंदरांना जास्तीचा दाणा देणं नियमात बसत नव्हतं, तेव्हा नुसतीच त्यांच्यापाशी बसून राहिले.

बुधवारी मेलं आभाळ लख्ख. मग मी एक मूर्खपणा केला. आमच्या धावपट्टीवर ऊन खायला मगरी येऊन पसरतात आणि त्या हाकलल्याशिवाय यान उतरवत नाहीत. मी सकाळीच कुंपणावरून दोन अख्ख्या कोंबड्या आत फेकल्या, म्हटलं, येऊन बसेल एखादी. एक धूड आलं, दोन्ही गिळल्या आणि धावपट्टीकडे ढुंकूनही न बघता चरात जाऊन झोपलं. मगरी हाकलणारा पर्विस मला म्हणाला, "लोरेटाबाई, आज पट्टी कशी साफ आहे बघा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला काम नाही."

दुपारी आवाजापेक्षा वेगाने खाली येणाऱ्या यानाचे ते दोन धडाके झाले, खिडक्या हादरल्या, बाहेर टाळ्यांचा कडकडाट. फार सुरेख उतरलं म्हणे. मी पाहिलं नाही, मी हात धूत होते. हा प्रयोग चालवणारे डॉक्टर हॅमलिन म्हणाले, "तूच धर गं. घाबरलेल्या उंदराचं रक्त बिघडतं, सगळे आकडे वाया जातात. तुझ्या हातात ते गप्प असतात."

खरंच गप्प होते. सात नंबरचा तर झोपलाच. बाराही झाले. तिथे मला रडू आलं नाही, घरी जेवायला बसल्यावर आलं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं.

भावोजींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझी,
लोरेटा

ता.क. खरं काम राहिलंच. मला एक पत्र पाठव. लिही, आई फार आजारी आहे, नोकरी सोड आणि असशील तशी निघून ये. (आई जाऊन चार वर्षं झाली हे इथे कुणाला ठाऊक नाही.)

आणखी एक ता.क. ते पत्र पाठवू नकोस. पुढच्या यानासाठीचे नवे बारा आज आले. मी रजेवर असले की जो बघतो, तो त्यांना शेपटीला धरून उचलतो.