पाचशे तेरावा

२ जून
नेमणूक पक्की झाली. संगणन केंद्राचे प्रमुख धनराज सर यांनी सकाळी स्वतः सांगितलं. आईचे डबे घेऊन मनमाडहून नाशिकला आले. गंगापूर रोडवरची खोली हवेशीर आहे. इथे पाचशे बारा कोअरचं, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या पाचशे बारा मेंदूंचं, एकच मोठं यंत्र आहे, सगळ्या कोअरना मेमरी सामाईक. त्यांना काम वाटून देणारा प्रोग्राम माझ्या दादाने, यशोधनने लिहिला. फेब्रुवारीत तो इथेच, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. हृदयविकार. पूर्ण यंत्रावर प्रोग्रामचा वेग पडतो. वीस तारखेच्या प्रात्यक्षिकाआधी तो पळता करायचा. दादाचं राहिलेलं मी पुरं करणार, याचाच आनंद आहे.

५ जून
कारण सापडलं. प्रत्येक कोअरवर एक थ्रेड, म्हणजे कामाचा एक धागा. प्रत्येक थ्रेडने आपला वाटा संपवून एका टप्प्यावर थांबायचं. शेवटचा आला की सगळे पुढे. थ्रेड पाचशे बारा, पण यंत्र थांबतं पाचशे तेराव्यासाठी. शेजारच्या टेबलावरची पल्लवी म्हणाली, "दोघं भावंडं इंजिनिअर, नि मोजता एकालाही येईना." दोघी हसलो. शून्यापासून मोजताना ही चूक नेहमीची. आकडा सुधारला.

९ जून
पुन्हा पाचशे तेरा. नोंदी तपासल्या, कोणीही हात लावलेला नाही. तो जास्तीचा थ्रेड उशिरा येतो, कारण सगळ्यांत मोठा वाटा स्वतःकडे घेतो. दादा घरीही असंच करायचा.

१४ जून
पल्लवीला दाखवलं. या वेळी तिने थट्टा केली नाही.
दादा गेला, त्याच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता. अडकलोय, दोन दिवस ये, म्हणाला. मी जमणार नाही म्हटलं. आईलाही हे सांगितलेलं नाही.

१७ जून
सर म्हणाले, तो थ्रेड काढ, नाहीतर प्रात्यक्षिक रद्द.
काढला. माझ्याच हाताने.

१८ जून
वेग दुप्पट. सर खूश. मी जिन्यात बसून रडले.

१९ जून, सकाळ
यंत्र थांबलंय. पाचशे बाराही थ्रेड आले. तरी —

दुपार
आकडा आता पाचशे चौदा. तो परत आलाय. अजून एक यायचा आहे.
त्याच्या मेमरीत एकच ओळ — "वल्लू आली की सुरू करू."
मला वल्लू फक्त दादा म्हणायचा.

चार वाजता
उद्या दहाला पाहुणे येतील. तोवर यंत्र सुरू झालेलं असेल, असं सरांना कळवलं.
डाव्या हातात कळ. पल्लवीला हाक मारायला हवी, पण तो किती दिवस ताटकळला —
दादा, मी निघा—