चुन्याचा चंद्र

सर, हे कागद नातवाच्या जुन्या वहीत उरलेले कोरे आहेत. नवे आणायला जीव होईना. तुम्हाला त्याचं काही वाटलं नसतं, तुम्ही स्वतः खडू नखाएवढा होईपर्यंत फळ्यावर झिजवायचे. तुमच्याबद्दल आजवर मी लोकांना पुष्कळ सांगितलं. साखरा गावची मी, जवळच्या गोरेगावात मामाकडं राहून मॅट्रिक झाले, ते केवळ तुम्ही माझ्या वडिलांना बांधावर गाठून दोन तास समजावलंत म्हणून, हे तर तुमच्या शोकसभेतही सांगितलं. बायांनी डोळे पुसले. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही, आणि ती सोडून बाकी सगळं सांगत राहिले म्हणून माझं सगळं बोलणंच मला खोटं वाटतं.

त्या वर्षी गुरू सिंह राशीत गेला होता. सिंहस्थ लागला की गोदावरीच्या या अंगाला वर्षभर लग्न लावत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि त्याचा तुम्हाला रागही होता. माझ्या नणंदेचा साखरपुडा झालेला. मुलाकडचे म्हणाले, वर्षभर थांबणं व्हायचं न्हाई, आमी दुसरीकडं बघू. जोशीबुवांनी गुरूची आराधना सांगितली, आणि घरातले उपास शेवटी सुनेच्याच पोटाला येतात. मी गुरुवार धरले. पिवळं लुगडं, हरभऱ्याची डाळ, एकवेळ जेवण. सर, ते मी नाइलाजानं केलं असं आज म्हणणार नाही. मनापासून केलं. नणंद माझ्या पाठच्या बहिणीसारखी होती आणि रोज चुलीपुढं बसून मुकाट रडायची.

आणि त्याच वर्षी तुम्ही मला हापशावर गाठता. माझ्या कमरेवर कळशी, तुमच्या हातात छत्री, आणि चेहरा असा की जणू तुम्हालाच मुलगा झालाय. ‘‘पोरी, ऐकलं का रेडिओवर? गुरूपाशी यान जाऊन आलं. एक नव्हं, दोन. एक होळीच्या आधी, एक आखाडात.’’

मी म्हणते, ‘‘माणूस हाय का त्यात?’’

‘‘न्हाई, नुसतं यंत्र. फोटू काढून धाडून राहिलं.’’

‘‘मग इचारा म्हणावं त्याला, आमच्या वन्संचं लग्न काहून अडवून धरलं.’’

तुम्ही छत्री टेकून हसता. ‘‘फोटूत वादळं दिसली, पट्टे दिसले, चंद्र दिसले. पंचांग कुठं दिसलं न्हाई बघ.’’ मीही हसले, कळशी हिंदकळून पदर भिजला. घरी आले आणि डाळ भिजत घातली, दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.

तालुक्याला हिंगोलीत शाळांचं विज्ञान प्रदर्शन भरायचं होतं, तुम्ही शाळेतल्या मुली घेऊन जाणार होतात. तुम्ही तीन वेळा एसटीनं हिंगोलीच्या वाचनालयात गेलात, तिथल्या मासिकातली चित्रं डोळ्यांत भरून आणलीत आणि दाराएवढा कागद रंगवलात. रंग विकतचे नाहीत. काजळीचं आभाळ, गेरूचे पट्टे, त्या मोठ्या तांबड्या वादळाला गेरूतच जरा नीळ. भोवती चार चंद्र. त्यातला एक बर्फाचा, तो तुम्ही डिंकात कालवलेल्या चुन्यानं पांढराशुभ्र भरला होता आणि वर काडीनं बारीक रेघा ओढल्या होत्या. शाळेच्या पत्र्याखाली उंदीर डिंक खातात, तुमच्या एका खोलीत लेकरं रांगतात, म्हणून तो कागद तीन दिवस सांभाळायला तुम्ही माझ्याकडं आणलात. ओसरीच्या पायरीशी उभं राहून उलगडून दाखवलात. मी म्हटलं, ‘‘ह्या रेघा तर आमच्या सासूबाईंच्या टाचेवरच्या भेगा हायेत.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘बराबर बोललीस. बर्फ उललाय तिथं. आन् त्याच्याखाली पाणी असंल, असं काहीजण म्हणतात. कुणी पाहिलेलं न्हाई. पण असंल.’’ ते ‘असंल’ तुम्ही इतक्या हळू म्हणालात की मला देवळातल्यासारखं वाटलं.

सर, तुम्ही पायरी चढला नाहीत. तुम्ही धम्मदीक्षा घेतलेल्या वस्तीतले, आणि आमच्या घरानं तुम्हाला कधी आत या म्हटलं नाही, मीसुद्धा नाही. पण सासूबाईंनी विचारलं, कशाचं चित्र? मी म्हटलं, गुरूचं. त्या उठल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, ‘‘मंग असं खाली काहून ठेवलंस? देवघरात ने.’’ ज्या हाताला आमच्या घरी पाण्याचा तांब्या देत नव्हते, त्या हातचा कागद देवघरात गेला.

गुरुवारी सकाळी मी न्हाऊन बसले. समोर भिंतीला तुमचा कागद. जोशीबुवांच्या पोथीतल्या गुरूला कधी पट्टे नव्हते की वादळ नव्हतं. हा मात्र एवढा मोठा, एवढा खरा, माझ्या घरी आलेला. मी हळदीचं बोट ओलं केलं आणि त्याच्या कपाळी लावलं. अक्षता चिकटवल्या. आणि मग मनात आलं, त्याच्या लेकरांना काहून सोडायचं? चार चंद्रांना चार बोटं. सासूबाई मागून म्हणाल्या, ‘‘मागून घे गं बाई, आज मागून घे.’’ मी डोळे मिटून नणंदेचं सौभाग्य मागितलं. डोळे उघडले तर बर्फाचा चंद्र लाल होत होता.

हळद आणि चुना मिळून कुंकू होतं, हे आमच्या हळदीच्या मुलखात शेंबड्या पोरीलाही ठाऊक. चुना परवाचाच होता, ताजा. मी ओलं फडकं घेतलं आणि पुसायला गेले, तशी लाली पसरली, तुमच्या रेघा गेल्या, काजळीही ओघळली. शाळेत असताना तुम्ही एकदा माझ्या हातावर पट्टी मारली होती, गणित चुकलं म्हणून नव्हे, चुकलेलं थुंकीनं पुसलं म्हणून. ‘‘पुसू नको. एक रेघ मार आन् खाली बराबर करून दाखव.’’ पुसताना ते आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि तरी मी पुसत राहिले.

वेळ होता. तुम्ही शनिवारी निघणार होतात. पळत येऊन सांगितलं असतं तर तुम्ही रात्रीतून दुसरा चंद्र चिकटवला असता. पण काय सांगायचं होतं? तुमच्या मॅट्रिक पोरीनं चित्राची पूजा केली? मी कागद वाळवला, गुंडाळला, सुतळीनं दोन ठिकाणी बांधला आणि शनिवारी पहाटे तुमच्या हातात दिला. तुम्ही विचारलंत, ‘‘भिजलं-बिजलं न्हाई ना?’’ मी म्हटलं, ‘‘न्हाई सर.’’

पुढचं मला तुमच्याबरोबर गेलेल्या शेजारच्या मुलीनं सांगितलं. परीक्षक आल्यावरच कागद उलगडला. खाली तुमच्या अक्षरात ‘बर्फाचा चंद्र’ आणि वर लाल डाग. गुरूच्या कपाळी हळदीचं बोट, एक अक्षत अजून चिकटलेली. कुणीतरी म्हणालं, ‘‘मास्तर, ग्रहशांती उरकूनच आणला का?’’ अख्खा मांडव हसला. मुली रडायला लागल्या. परीक्षकांनी विचारलं, हे कुणी केलं? तुम्ही म्हणालात, ‘‘चूक माझी हाय. माझ्या ताब्यात होतं.’’ आणि मग त्याच लाल चंद्रावर बोट ठेवून तुम्ही मुलींना सांगितलं, बोला, तुमचं पाठ हाय ते बोला.

हसणारे हसून घरी गेले, पण वस्तीतल्यांच्या मनातून ते गेलं नाही. ज्या माणसानं त्यांच्या घरातले उपास-तापास सोडवले, जो म्हणायचा ग्रह कुणाचं वाईट करत नाहीत, त्याच्या चित्रावर हळद! ‘सर बी आतून तसलेच’ हे मी स्वतःच्या कानांनी गिरणीत ऐकलं, पिठाचा डबा डोक्यावर घेऊन. तुम्ही कुणालाच खुलासा केला नाहीत. पुन्हा प्रदर्शनाला मुली नेल्या नाहीत. आणि महिन्याभरानं मुलाकडचे नरमले, आम्ही थांबतो म्हणाले. सासूबाईंनी पेढे वाटले, म्हणाल्या, पावला बघ. वाटेत तुम्ही भेटलात. मी खाली बघितलं. तुम्ही म्हणालात, ‘‘नणंदेचं जमलं म्हणे. चांगलं झालं पोरी. पोरीचा जीव टांगणीला होता.’’ एवढंच. तुम्हाला ठाऊक होतं, सर. पुढं बारा-तेरा वर्षं आपण भेटत राहिलो आणि तुम्ही मला ती चूक कबूल करण्याएवढी जागा ठेवून बोलत राहिलात, मी दर वेळी तुमच्या तब्येतीचं विचारून बाजूनं निघून गेले.

मी अजून गुरुवार करते. देव सुटला नाही आणि सोडायचाही नाही. त्यानं नव्हतं सांगितलं खोटं बोलायला, ते माझं मी बोलले.

हे पत्र तुम्हाला लिहिणं सोपं आहे, कारण तुम्ही वाचणार नाही. तुमच्या घरच्या काकूंना लिहिणं अवघड. त्या दोन गल्ल्या पलीकडं राहतात, आणि मागच्या दिवाळीत मला म्हणाल्या, ‘‘शेवटपर्यंत बोलले न्हाईत गं, ती हळद कुणाची. मला बी वाटायचं, चोरून कायतरी करत असतील. इचारलं तर नुसते हसायचे.’’ म्हणजे घरातसुद्धा, सर. एवढी वर्षं.

काल हे कागद घडी करून पदराखाली घेतले आणि त्यांच्या दारापर्यंत गेले. त्या शेंगा निवडत होत्या. म्हणाल्या, ‘‘ये, बस. काय काम काढलंस?’’

मी म्हटलं, विरजण हवं होतं थोडं. त्यांनी वाटीभर दिलं. घरात विरजण होतं, सर.