दोघांत एक रबरी पँट

मी सत्यभामा नारायण सुरजुसे, वय एकसष्ट, धंदा मासेमारी व शिंगाडा, राहणार चिंचमाळ, तालुका बाभुळगाव, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे असे डॉक्टरांनी तपासून वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे, तो कागद सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही, नशापाणी मी करत नाही. वकील अर्पिताताई म्हणाल्या की मृत्युपत्रात कमी लिहावे आणि रडू नये. त्यातली दुसरी गोष्ट मी पाळली आहे.

सन २०१९ मध्ये केलेले माझे आधीचे मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे. त्यात बाकी सगळे साधे होते, पण पाचव्या कलमात मी लिहिले होते की माझा धाकटा दीर डोमाजी याने माझ्या तिरडीला हात लावू नये, आणि लावायला आलाच तर चार लोकांनी त्याला अडवावे. हा डोमाजी ९ नोव्हेंबर २०२५ रोजी, रविवारी सकाळी, मला पाण्यातून बाहेर काढताना गेला. आज दोन महिने दहा दिवस झाले. अजूनही पहाटे जाग आली की थोडा वेळ मला कळत नाही, आमच्यातले नेमके कोण गेले.

१) घर. चिंचमाळ येथील दोन खोल्या, पुढची टिनाची पडवी व मागची मोरी माझ्या नावावर आहे. ती माझा मुलगा अंकुर यास मिळावी. माझी मुलगी प्रेरणा यवतमाळला शाळेत शिकवते. ती माहेरी येईल तेव्हा आतली खोली तिची. अंकुरचे लग्न झाल्यावरही तिचीच. याबद्दल सुनेने तोंड वाकडे करू नये. सून अजून यायची आहे, तरी लिहून ठेवते.

२) पोस्टातली बचत. अर्धी प्रेरणाला, अर्धी माझी जाऊ विमल डोमाजी सुरजुसे हिला. गावात तिला विमलताई म्हणतात. अर्पिताताईंनी विचारले, "ही भरपाई म्हणून लिहायची का?" मी म्हटले, नाही. याची भरपाई कोणत्या पोस्टात ठेवलेली नसते. तिला मूलबाळ नाही आणि घरात आता दुसरे माणूस नाही, म्हणून द्यायची.

३) डोंगा. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सगळे त्यापासूनच सुरू झाले.

माझे पती नारायण २००६ साली कावीळ होऊन वारले. त्यांचा आणि डोमाजीचा मिळून एक डोंगा, म्हणजे लहान होडी, होता, सागवानी. तिसऱ्या दिवशी राख सावडून मी घरी आले, तेव्हा डोंगा तलावाच्या काठावर नव्हता. डोमाजीने तो ओढत नेऊन आपल्या अंगणात उपडा घातला होता. मी गेले तर म्हणाला, "वहिनी, बाईमाणसानं डोंगा हाकाचा नसते. लोक मले नावं ठेवतीन." मी म्हटले, "मंग पोरायले काय खाऊ घालू?" तो म्हणाला, "मी पाहीन ना." मला कोणी पाहावे असे मी सांगितले नव्हते. मी तिथून परत आले आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलले नाही. तोही माझ्याशी बोलला नाही. गाव एकच, तलाव एकच, शिंगाड्याचे वाटे एकमेकांना लागून. एकोणीस वर्षे.

डोंग्यावरचा माझा हक्क मी या कागदाने सोडते. तो विमलचा. अंकुरने मागू नये.

४) डोंगा नाही म्हणून मी पाण्यात उभी राहून काम केले. शिंगाड्याचा वेल पाण्यावर पसरतो, तो उचलून खालची फळे तोडावी लागतात. दिवसाचे पाच-सहा तास कमरेइतके पाणी. पायांच्या बोटांत चिखल्या होऊन कातडे निघाले, पोटऱ्यांना जळवा, आणि हिवाळ्यात गुडघे असे धरायचे की पायरी चढता येत नसे. २०२३ साली प्रेरणाने मोबाईलवर रबरी पँट दाखवली. गमबुटापासून छातीपर्यंत एकच अखंड पोशाख, खांद्यावर पट्टे. तिचे काही एक इंग्रजी नाव आहे, आम्ही रबरी पँटच म्हणतो.

घ्यायला अंकुर आणि मी लोहाऱ्याला गेलो. तिथे कारखान्यांना हातमोजे, गमबूट विकणारे एक दुकान आहे. दुकानदाराने तीन प्रकार काढले. पहिली रेनकोटसारखी पातळ, हलकी, सगळ्यात स्वस्त. मी तिचा शिवणीजवळचा भाग दोन बोटांत धरून ताणला तर पांढरी रेघ उमटली. शिंगाड्याच्या काट्यांपुढे ती एक हंगाम टिकली नसती. दुसरी स्पंजासारख्या जाड कापडाची, आतून ऊबदार. हिवाळ्याला उत्तम, पण एप्रिलमध्ये तळ्यात गाळच उरतो तेव्हा त्यात माणूस उकडून निघेल, आणि किंमत ऐकून अंकुरने ती स्वतःच घडी करून परत ठेवली. तिसरी कॅनव्हासवर रबर चढवलेली. जड, पण शिवणी आतून चिकटवलेल्या, बूट जोडलेले, फाटली तर सायकलच्या ट्यूबचे ठिगळ बसेल अशी. बारा महिने चालणारी. मी तीच निवडली. ती निवड चूक नव्हती हे आजही लिहिते.

चूक पुढे झाली. दुकानदार म्हणाला, "मावशी, दोघं पाण्यात उतरता तर दोन घ्या ना. माप वेगळं आहे तुमचं."

मी म्हटले, "एकच द्या. पोराच्या मापाची."

अंकुर म्हणाला, "माय, तुले ढगळ होईन ते. बूट तर निघूनच जाईन पायातून."

"फडके कोंबीन बुटात. तू सकाळून वापर, मी दुपारून वापरतो."

ढगळ पँट घालून पाण्यात जाण्यात काय धोका आहे हे मला माहीत नव्हते, असे मी म्हणू शकत नाही. मला सांगितले होते. बाभुळगावला बस स्टँडसमोर अब्दुल गनी यांचे पंक्चरचे दुकान आहे. ठिगळे तेच लावत. पँटमध्ये पाणी भरून, ती उलटी टांगून, कुठून थेंब येतो ते पाहत. त्यांनीच सांगितले की ती उन्हात वाळवू नका, सावलीत पाय वर करून टांगा. आणि त्यांनीच ट्रकच्या ट्यूबचा एक कमरपट्टा कापून दिला. म्हणाले, "भाभी, ये बांधल्याशिवाय उतरायचं नाही. पडल्या तर पट्ट्यावरचं पाणी वरच राह्यते, खाली पायात नाही जात. नाही बांधला तर पँट म्हणजे दोन बादल्या समजा." मी दोन वर्षे पट्टा बांधला. त्या रविवारी अंकुर बाजारासाठी शिंगाडे भरत होता, म्हणून पँट सकाळीच माझ्याकडे आली. पट्टा पडवीत खुंटीला राहिला. दहाच पावले आत जायचे होते. मी परत फिरले नाही.

५) त्या सकाळी काय झाले ते इथे लिहिते, कारण पंचनाम्यात ते चार ओळींत आहे.

मागच्या उन्हाळ्यात तलावाचा गाळ काढला तेव्हा माझ्या वाट्याच्या कडेला एक खड्डा पडला होता. पावसाने तो भरला, वरून वेल पसरला. माझा उजवा पाय त्यात गेला. पाणी छातीवरून आत आले, एका श्वासात दोन्ही पाय भरले. बूट गाळात रुतले, त्यात कोंबलेली फडकी फुगली, पाय बाहेर येईना. मी ओरडले की नाही, आठवत नाही. अंकुर दूर पिचिंगवर, म्हणजे काठाच्या दगडी उतारावर होता, दोनशे पावलांवर, पाठमोरा.

डोमाजी बंधाऱ्यावर दात घासत उभा होता. ब्रश तोंडात होता तसाच त्याने उडी टाकली, हे नंतर लोकांनी सांगितले. मला एवढेच माहीत की डोके पाण्याखाली गेले, वर आले, आणि कानाजवळ आवाज आला, "वहिनी, पाय नका मारू. पाय नका मारू." एकोणीस वर्षांत तो आवाज माझ्याशी बोलला नव्हता. पाणी नाकातोंडात जात असताना मला धक्का बसला तो वहिनी या शब्दाचा. मी खरोखर पाय मारणे थांबवले.

माझ्या हातात शिंगाड्याचा विळा होता. तो त्याने घेतला आणि खांद्याचे दोन्ही पट्टे कापले. मग खाली बुडी मारून पँट पायांवरून ओढली. एकदा वर आला, परत खाली गेला. तिसऱ्यांदा मी सुटले. तोवर ओरडा ऐकून अंकुर पोहत पोचला होता. डोमाजीने मला पुढे ढकलले आणि अंकुरला म्हणाला, "घे, धर माईले." अंकुरने मला धरून काठाला आणले, गवतावर पालथे घातले, आणि मागे वळून पाहिले. तिथे पाणी होते. वेल हलत होता.

पाऊण तासाने सापडला. दोन्ही पायांना वेलाचे वेढे होते. बासष्ट वर्षांचा, जन्मापासून त्याच तलावात पोहलेला माणूस.

पोलिसांनी मला विचारले, "मृताशी तुमचे नाते काय?" मी म्हटले, दीर. "संबंध कसे होते?" त्यांनी लिहिले, "चांगले." मी सही केली.

६) तिसऱ्या दिवशी मी विमलकडे गेले. एकोणीस वर्षांनी त्या अंगणात पाय ठेवला. ती मला हाकलेल असे वाटले होते, मला ते चालले असते. तिने बसायला पोते टाकले. मग मी विचारले, "विमल, त्यानं काहून उडी टाकली?"

एखाद्या खुळ्या बाईकडे पाहावे तसे तिने माझ्याकडे पाहिले. "काहून म्हणजे? माणूस बुडून राह्यलं होतं."

"मी होती तिथं. त्याले दिसलं नसन का मी हाओ म्हणून?"

"दिसलंच असन. वहिनी म्हणूनच तर ओरडत गेले, काठावरच्या रंभाबाईनं आयकलं." मग ती म्हणाली, "बाई, तुमी भांडण धरून राहाले. त्यायले वाटे वहिनी आज बोलीन, उद्या बोलीन. मी म्हणो, तुमीच बोला ना. तर म्हणत, मले लाज वाटते."

मी घरी आले. एकोणीस वर्षे मी त्याचा गर्व पाहत होते, आणि ती लाज होती. हे कळून मन हलके झाले असे कोणी समजू नये. तसे झालेले नाही.

तलाव ज्यांच्याकडे आहे त्या मच्छीमार संस्थेने मान्यता दिल्यास तलावातला माझा शिंगाड्याचा वाटा विमलला मिळावा. ती पाण्यात उतरणार नाही म्हणते. मग मजूर लावावा, पण वाटा तिच्या नावावर असावा. खड्ड्याभोवती चार बांबू आणि लाल फडके अंकुरने लावले आहे. ते दर वर्षी पावसाळ्यानंतर बदलावे. हे काम मी त्याच्यावर हुकूम म्हणून सोपवते.

७) जाळी दोन मोठी, एक फेकजाळे, वजनकाटा, दोन टब, विळे तीन, हे अंकुरला. चौथा विळा पोलिसांकडे आहे, तो आणू नये.

८) रबरी पँट. पोलिसांनी ती परत दिली आहे, खांदे कापलेली. प्रेरणा म्हणाली जाळून टाकू. जाळू नये, रबराचा धूर गावभर होतो, आणि वस्तूने काही केलेले नाही. गनीभाईंना द्यावी. त्यांना विचारले आहे. त्यांनी पँट हातात घेऊन पट्ट्यांची कापलेली टोके जुळवून पाहिली, मग म्हणाले, "टायरच्या आतून लावाले चांगली आहे. देऊन द्या." त्यांनी तिचे तुकडे करावेत.

अंकुर पाण्यात परत उतरेल तर त्याने स्वतःच्या मापाची नवी घ्यावी. बुटात एक जाड मोजा मावेल एवढीच जागा असावी, जास्त नाही. पट्टे झटक्यात सुटणाऱ्या कडीचे असावेत, गाठीचे नसावेत. दुकानातच ती घालून उकिडवे बसून पाहावे. कमरपट्टा पँटबरोबरच टांगावा, वेगळ्या खुंटीला नाही. स्वस्त मिळते म्हणून पातळ घेऊ नये, टिकते म्हणून दुसऱ्याच्या मापाची घेऊ नये. जेवढी माणसे पाण्यात, तेवढ्या पँट. दुसरी घेणे परवडत नसेल तर दुसऱ्या माणसाने काठावर बसावे. उतरणार नसेल तर वरचे सगळे सोडून द्यावे आणि दुसरा धंदा पाहावा. मी काही म्हणणार नाही.

९) या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रेरणाने करावी. तिला रागावल्याशिवाय काम करता येते, जे मला आणि अंकुरला येत नाही.

१०) हे कलम फक्त अंकुरसाठी आहे, पण सर्वांसमोर वाचावे.

तेराव्यानंतर एके दुपारी तू मला विचारलेस, "माय, मी तुले सोडून आधी काकाले धराले पाह्यजे होतं का?" मी तुझ्या तोंडावर हात ठेवला. ते उत्तर माझ्याकडे बाकी आहे. हे घे. तू मला ओढून नेले नाहीस. काकाने मला तुझ्या हातात दिले. देताना तो हसला होता. मी पाहिले, त्याचे तोंड माझ्याकडे होते. त्याच्या ओठाच्या कोपऱ्याला पेस्टचा पांढरा डाग अजून होता. मी हे पोलिसांना सांगितले नाही, विमललाही सांगितले नाही, कारण मला स्वतःलाच ते खरे वाटत नव्हते. ते खरे आहे.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा एकदा वाचला. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे लहान सह्या केल्या आहेत. खालील दोघे साक्षीदार माझ्यासमोर हजर असून मी त्यांच्यादेखत सही करते व तेही माझ्यादेखत करतात. दोघांना या मृत्युपत्राने कोणतीही मालमत्ता मिळत नाही. गनीभाईंना फाटके रबर मिळते, म्हणून त्यांना साक्षीदार घेतले नाही.

सही: सत्यभामा नारायण सुरजुसे

साक्षीदार
१. हरिसिंग धनसिंग राठोड, निवृत्त शिक्षक, राहणार चिंचमाळ
२. मेहनाज रौशन शेख, शिवणकाम, राहणार बाभुळगाव

ठिकाण: बाभुळगाव
दिनांक: १९ जानेवारी २०२६