अकराव्या मजल्यावरचा सांधा

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
तुमच्या ठकूचा सा. न. वि. वि.

आईच्या पत्रात तुमच्याबद्दल दोनच गोष्टी होत्या: जेवतात आणि खिडकीशी बसतात. म्हणून थेट तुम्हालाच लिहिते.

नकाशे काढायची नोकरी सोडून मी उंच इमारतींचे काळे-पांढरे फोटो काढत हिंडते, हे तुम्हाला खूळ वाटतं. प्रदर्शनात एक भिंत मिळायची आहे, पण दालनाच्या बाई म्हणाल्या, की इमारती सुबक आहेत, पण कुणी बांधल्यासारख्या वाटत नाहीत, उगवल्यासारख्या वाटतात. वीस तारखेपर्यंत एक तरी जिवंत फोटो दाखव, नाहीतर जागा दुसऱ्याला. शिवाय खालून काढलं की सगळ्या इमारती मागे रेलतात, जेवून आडव्या व्हायला निघाल्यासारख्या.

तुम्ही तीस वर्षं गवंडीकाम केलंत. उंच इमारत बघायची कशी? पडल्यापासून तुम्ही हा विषय काढू देत नाही. तरी विचारते.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची ठकू

९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

उजवा हात मिटत नाही, तेव्हा हे कोंबडीचे पाय डाव्या हाताचे. हसू नकोस.

खालून बघतो तो गिऱ्हाईक. आम्ही समोरच्या इमारतीच्या मधल्या मजल्यावरून बघायचो, मग भिंत सरळ उभी दिसते. आणि ऊन भिंतीला घासून जातं तेव्हा बघ. वरून कितीही रंग फासा, गिलाव्यावर फिरलेला हात दिसतोच.

विचारलंसच, तर सांगतो. स्टेशनमागची अठरा मजली इमारत. तिच्या दक्षिणेच्या भिंतीवर, अकराव्या मजल्याशी मी गिलावा करत होतो. परांचीचा दोर सुटला. गाठ माझ्या जोडीदारानं, डावऱ्यानं, मारली होती. तो दोनदा दवाखान्यात आला. दोन्ही वेळा मी तोंड फिरवलं. नऊ वर्षं झाली. माझं अर्धवट राहिलेलं काम खरवडून टाकलं असणार. मी परत तिकडे गेलोच नाही.

कठड्यावर चढू नकोस. आई बजावते आहे, मीही.
बाबा

१९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न.

समोरच्या इमारतीत बाराव्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या मावशी राहतात. त्यांना सगळं सांगितलं, तर त्यांनी मशीन सरकवून खिडकीच मोकळी करून दिली. म्हणाल्या, की त्या भिंतीला भेटायला कुणी येईल असं कधी वाटलं नव्हतं.

तीन दिवस ढग होते. चौथ्या दिवशी सकाळी ऊन भिंतीला घासत आलं. बाबा, काम खरवडलेलं नाही! अकराव्या मजल्याच्या खिडकीवर एक आडवा सांधा आहे. त्याच्या खालचे फराटे उजवीकडे वळतात, वरचे डावीकडे. घाईघाईत तीन फोटो काढले, त्यांतला एकच नीट आला.

दालनाच्या बाईंनी फोटो उजेडात नेला आणि विचारलं, की ही दोन माणसं कोण. जागा मला मिळाली. फोटो सोबत धाडते आहे. प्रदर्शन पाच मार्चला, शनिवारी. याल ना?

उत्तराकडे डोळे लावलेली,
ठकू

२७ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

चार दिवस फोटो उशाशी होता. आईला वाटलं, स्वारी पुन्हा रुसली.

वरचे फराटे डावऱ्याचे. तसा हात दुसऱ्या कुणाचा फिरत नाही. म्हणजे मी जिथून पडलो, त्याच जागी हा पठ्ठ्या उभा राहिला आणि माझं काम न खरवडता पुढे नेलं. मुकादमाशी भांडलाही असेल. मला कधी सांगितलं नाही. पण मी तरी त्याला दारात कुठे उभं केलं होतं?

काल त्याच्याकडे गेलो. एकटाच, बसनं. दार त्यानंच उघडलं. मी फोटोच पुढे केला. त्यानं चष्मा शोधला, पाहिलं, आणि म्हणाला, की अजून झोपेत तो ती गाठ पुन्हा पुन्हा मारतो. मी म्हटलं, पुरे झालं, चहा टाक.

मग तासभर भांडलो. तो म्हणतो वरचा भाग जास्त सरळ आहे. उगाच! शनिवारी आई, तो आणि मी, आम्ही तिघं येतोय. भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा त्याच्या पिशवीत आहे. तुझ्या त्या बाईंना निकाल द्यायला सांग.

आहेस तशीच राहा, आणि जेवत जा.
तुझा,
बाबा