लाल फडक्यातलं पुस्तक

॥ श्री ॥
पर्वत पाटिया, सुरत
दि. ११ मार्च १९९७

तीर्थरूप इंदुताईस,
धाकट्या बन्सीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

परवा रविवारी सकाळी अंघोळ, देवपूजा आटोपून मी भागळच्या बाजारात गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा गोष्टींचं पुस्तक विकत घेतलं. पुस्तक आपल्या गायत्रीसाठी. नात दुसरी संपवते आहे. जूनपासून चेतन तिला गुजराती शाळेत घालणार. मराठी शाळा दोन मोठे रस्ते ओलांडून आहे, आणि सून रंजना साड्यांना लेस लावण्याचं काम टाकून रोज कितीदा धावणार? गल्लीतली सगळी पोरं गुजराती शाळेतच जातात. मी हरकत घेतली नाही. जिथली भाकरी तिथली भाषा आली पाहिजे.

पण ताई, मनात एक रुखरुख आहे. गायत्रीला मराठी अक्षरं येतात, जोडाक्षराला मात्र ती ठेचकाळते. आत्ता वाचनाची गोडी लागली नाही तर दिवाळीपर्यंत सगळं विसरेल. चेतन तुमचं पत्र आताच बोट ठेवून वाचतो. माझ्यानंतर या घरात तुमचं पत्र कोण वाचेल? बाबांची पोथी कोण उघडेल? तिची मराठी आता राहिली तर पुस्तकांच्या जोरावरच राहील.

पुस्तक कसं निवडावं ते मला कुठून ठाऊक? आम्ही कापड तपासणारी माणसं. ताका पाहतो तसं पाहिलं. पान उजेडात धरलं, कागद बोटांत चोळला, शिवण ओढून बघितली. दुकानदाराने पोरीचं वय विचारलं आणि एक पातळ, चित्रांचं पुस्तक पुढे केलं. कागद लेचापेचा होता, म्हणून परत दिलं. सद्वर्तनाच्या गोष्टींचं एक जाड पुस्तक घेतलं. प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य दिलेलं आहे.

घरी आणून त्याला हळदकुंकू वाहिलं, लाल फडक्यात बांधलं आणि देवघरात बाबांच्या पोथीशेजारी ठेवलं. गायत्रीला सांगितलं की अंघोळ करून, हात धुऊन घ्यायचं. दोन दिवस झाले. ती सकाळी अंघोळ करून येते, पुस्तकाला हात जोडते आणि खेळायला पळते. आज विचारलं तर म्हणाली, नमस्कार केला ना दादा! रंजना पदर तोंडाला लावून हसते. मला हसू येत नाही. तुमची नातवंडं काय वाचतात ते कळवा.

दाजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.
आपला,
बन्सीलाल

---

॥ श्री ॥
चोपडा
दि. २० मार्च १९९७

चि. बन्सीभाऊस,
इंदूचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं आणि तुझे दाजी खाटेवरून पडता पडता राहिले. त्यांचं म्हणणं, बन्सीने पुस्तकापुढे नारळ फोडायचा तेवढा राहिला. माय वं, सात वर्षांच्या पोरीला तात्पर्य! तुला त्या वयात कुणी तात्पर्य दिलं असतं तर तू ते गुरांना घातलं असतंस.

आठवतं का, आपल्या घरात एकच गोष्टीचं पुस्तक होतं. पुढचं कव्हर नाही, पहिली पानं नाहीत आणि शेवट काळ्या शेळीने खाल्लेला. कुंभाराची पोर मडक्यात बसून नदीतून वाहत निघते, इथवर गोष्ट होती. पुढचं शेळीच्या पोटात. मी तुला रोज नवा शेवट सांगायची आणि तुला एकही पटायचा नाही. मग वाण्याच्या पुडीचा प्रत्येक कागद तू उलगडून बघायचास, एखाद्यावर उरलेली गोष्ट सापडेल म्हणून. मास्तरांना वाटायचं की बन्सी त्यांच्यामुळे वाचायला शिकला. तुला त्या शेळीने शिकवलं.

आता माझी रीत ऐक. इथल्या दुकानदाराकडून मी ओंजळभर पुस्तकं बघायला म्हणून आणली आणि संध्याकाळी अंगणातल्या खाटेवर टाकली. कुणाला काही सांगितलं नाही. गल्लीतली पोरं आली. ज्या पुस्तकावरून भांडण झालं ते बाजूला काढलं. जे वाचताना आमच्या नातवाने, दीपकने, जेवायच्या दोन हाकांना ओ दिली नाही, तेही घेतलं. ज्यावर कुणी बसलं पण उघडलं नाही, ते दुकानात परत गेलं. निवडलेल्यांत अक्षर टपोरं, पानावर दोन-तीन ओळी आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा येते. पोरं अर्धी वाचतात, अर्धी अंदाजाने म्हणतात आणि त्यातच वाचायला लागतात. एक घाबरट म्हशीचं आहे. सगळं गाव तिला पाण्यात ढकलतं आणि ती दर पानावर म्हणते, मी नाही जा!

भाईदास शिंपी सुरतेला मुलाकडे चाललाय. त्याच्याजवळ पुस्तकं आणि उडदाचे पापड दिले आहेत. कृपा करून हळदकुंकू पापडांना लाव, पुस्तकांना नको.

गायत्रीला गोड पापा. तुझ्या पत्रांची वाट बघणारी,
इंदुताई

---

॥ श्री ॥
सुरत
दि. १४ एप्रिल १९९७

तीर्थरूप इंदुताईस,
बन्सीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पुस्तकं आणि पापड पोचले. भाईदास चहाला थांबले, गावाकडच्या गप्पा झाल्या, जीव निवला.

तुमची परीक्षा खरी ठरली. म्हशीचं पुस्तक गायत्रीने त्याच संध्याकाळी घेतलं. दुसऱ्या दिवशी आईने अंघोळीला बोलावलं तर उत्तर आलं, मी नाही जा! शेजारच्या प्रमिलाबाईंची छाया चार वर्षांची आहे. तिला समोर बसवून गायत्री मास्तरीण झाली. छाया घरात गुजराती बोलते, पण मी नाही जा एवढं मराठी तिलाही आलं.

आणि तरी ताई, पुस्तकं आज पुन्हा देवघरात आहेत. मीच ठेवली. गायत्री पालथी पडून वाचत होती. एक पुस्तक हातात, दुसरं पायाखाली, तिसऱ्यावर शेंगांची टरफलं. अक्षरावर पाय बघून मी जागचा उठलो. लहानपणी पाटीला पाय लागला की आपण ती कपाळाला लावायचो. ती सरस्वती आहे हे मी विसरू कसा? शिवाय दिवसभर माझ्या हातात खडू. ताक्यावर डाग दिसला की खूण करून बाजूला काढायचा. डाग नसलेलंच पुढे पाठवायचं, हेच काम मी वीस-बावीस वर्षं करतोय. नव्या पानावर तेलकट बोट बघवेना.

मी रागावलो नाही, फक्त पुस्तकं पुसून उचलली आणि फडक्यात बांधली. त्या दिवसापासून ती मागत नाही. काल मीच काढून दिली, तर म्हणाली, दादा, मजा नथी आवती. खेळायला गेली.

चेतन म्हणतो, बाबा, राहू द्या, कशाला जबरदस्ती. जून जवळ आला. कुणाचं चुकतंय ते मला कळतं, पण हात ऐकत नाही. तुम्ही थोरल्या, सांगा.

आपल्या शब्दाची वाट बघणारा,
बन्सीलाल

---

॥ श्री ॥
चोपडा
दि. २२ एप्रिल १९९७

चि. बन्सीभाऊस आशीर्वाद. वि. वि.

या वेळी चेष्टा करत नाही. तुझं दुःख मला समजलं.

बाबांची पोथी तुझ्या घरी आहे. नवव्या अध्यायाचं दुसरं पान काढून बघ. तू तीन-चार वर्षांचा होतास. श्रावणात बाबा पोथी लावायचे, सगळी आळी ऐकायला यायची आणि तू त्यांच्या मांडीत बसायचास. एका रात्री आईने तुला गप्प करायला गुळाचा खडा दिला. तो चोखून झाला आणि तू चिकट पंजा थेट पानावर ठेवलास. आई ओरडली. म्हातारी माणसं राम राम म्हणू लागली. बाबांनी तुझा हात झटकला नाही. तो तसाच पानावर राहू दिला आणि बोटांच्या मधली अक्षरं वाचत पुढे गेले. नंतर उपरण्याने पान पुसलं आणि आईला म्हणाले की देवाला गूळ चालतो.

आपल्या घरात बाबांपेक्षा जास्त देवाचं कुणी नव्हतं. त्या रात्री त्यांनी तुला मांडीवरून उतरवलं असतं तर आज तू पोथी वाचत असतास का, याचा विचार कर. मला एवढंच सांगायचं होतं.

अक्षय्यतृतीया जवळ आली. आखाजीला माहेरची आठवण येते. आता माहेर म्हणजे तुझं घर.
इंदुताई

---

॥ श्री ॥
सुरत
दि. ११ मे १९९७

तीर्थरूप इंदुताईस,
बन्सीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी दिवा लावून पोथी काढली. दर श्रावणात ते पान मी उलटत आलो. त्यावरचा डाग मी समईच्या तेलाचा समजत होतो. उजेडात धरला. चार बोटं आणि अंगठा, सगळं स्पष्ट. माझा आताचा हात त्यावर ठेवला तर तो डाग तळव्यात मावला. डागाच्या कडेने बोट फिरवत बसलो. रंजनाने बाहेरून विचारलं की बरं वाटत नाही का. बरं वाटतंय म्हणालो.

तरी लगेच धीर झाला नाही. आधी म्हशीचं एकच पुस्तक खाली काढलं, गुपचूप गायत्रीच्या उशाशी ठेवलं आणि कामावर गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा ते ओट्यावर होतं. दुसऱ्या दिवशी दुसरं काढलं.

परवा आखाजी झाली. पितरांना घागर भरली, बाबांचं नाव घेतलं, पुरणपोळी आणि रस झाला. जेवून गायत्री पालथी पडून छायाला वाचून दाखवत होती. जाड पुस्तक तिने हनुवटीखाली घेतलं होतं. तात्पर्याचा तेवढा उपयोग झाला. म्हैस पाण्यात उतरते ते शेवटचं पान आलं. 'डुंबली' शब्दाला ती अडली, पुन्हा मागे गेली आणि न ठेचकाळता वाचून टाळी वाजवली. हाताला रस होता. पिवळा ठसा पानावर उमटला. माझा हात खिशातल्या खडूकडे गेला आणि तिथेच राहिला. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, पुढचं वाच.

शाळा जूनला बदलेलच. पण काल तिने विचारलं की इंदूआजीच्या पत्रात तिचं नाव कुठे आहे, आणि बोट न ठेवता शोधून दाखवलं.

आज रविवार. सकाळी पूजा झाल्यावर मी ते लाल फडकं सोडलं. रंजनाच्या मशीनवर त्याला तळाची पट्टी लावून कप्प्यांची झोळी शिवली, पुस्तकं त्यात घातली आणि ओट्याच्या भिंतीवर गायत्रीच्या खांद्याएवढ्या उंचीवर खिळा ठोकून टांगली. देवघरात आता फक्त पोथी आहे. गायत्री कमरेवर हात ठेवून बघत होती. तिने छायाला पुढे ओढलं, तिचा हात वर केला आणि मला दाखवलं की तो झोळीपर्यंत पोचत नाही. मी खिळा उपटला आणि वीतभर खाली ठोकला.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्या.
आपला,
बन्सीलाल