दहा हजार किंवा एक वर्ष

सोलापूर
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,

आज सकाळी सहाला उठले. आईला आणि शेजारच्या म्हाळसाबाईंना अक्कलकोटच्या एसटीत बसवून दिलं. त्या संध्याकाळी येतील. घरी येऊन कपडे धुतले, दोडक्याची भाजी केली, जेवले. आता दुपारचे दोन वाजलेत. घरात कोणी नाही, म्हणून लिहायला बसले.

मला फोनवर बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. मी दोन वाक्यं जुळवेपर्यंत तू फोन ठेवतोस, आणि आई स्वयंपाकघरात भांडी न वाजवता उभी राहते. मागच्या रविवारी तू म्हणालास, "तेल खाल्लं म्हाताऱ्यानं, अजून काय? मला पाच लिटर डिझेलसाठी मालकासमोर उभं केलं होतं त्यानं. आता त्याला कोण उभं करणार?" आणि दिवाळीला येणार नाही म्हणालास. तुला झालेलं अर्धंच माहीत आहे. मलाही परवापर्यंत अर्धंच माहीत होतं.

तर पहिल्यापासून सांगते. आण्णा जुलैत गेले. ऑगस्टच्या शेवटी त्यांनी सात वर्षं चालवलेला टॉवेल कारखान्याचा टेम्पो वळसंगच्या अलीकडे बंद पडला. त्यांच्या जागी आता येडू चालवतो. इंजिन जाम झालं होतं. उघडून बघितलं तर आत तेल नव्हतंच म्हणे, चिखल होता, डांबरासारखा. सोमशेखर मालकांनी कारखान्याच्या आवारात सगळ्या कामगारांसमोर आण्णांचं नाव घेऊन विचारलं, "दर पाच हजार किलोमीटरला तेलाचा एक डबा मी स्वतःच्या हातानं कुंडलिकला देत होतो. ते तेल गेलं कुठं?" तिथं एक पद्धत आहे. ड्रायव्हरनं तेल बदललं की रिकाम्या डब्याला स्क्रू-ड्रायव्हरनं भोक पाडायचं, म्हणजे त्यात कोणी भेसळीचं तेल भरून विकू नये, आणि तो भोक पाडलेला डबा मालकांना आणून दाखवायचा. सगळ्या ड्रायव्हरांना दाखवावा लागायचा. आण्णांना मालकांनी कधी मागितला नाही.

आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. पण खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी गाड्यांची पूजा होते आणि टेम्पोपुढचा नारळ दरवर्षी आण्णा फोडायचे. तेराव्याला आले तेव्हा मालक आईला म्हणाले होते, "बजाबाई, यंदा नारळ तुमच्या हातचा." आई म्हणाली, "माझ्या हातचा? मालक, लोक काय म्हणतील?" तर म्हणाले, "कुंडलिकच्या घरचा हात आहे, लोकांचं मी बघतो." तू तेव्हा दारात उभा होतास, तू ऐकलंयस. आईनं आदल्या दिवशी जांभळी साडी इस्त्रीला दिली होती. संध्याकाळी येडू आला. चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "काकू, मालक म्हणले, उद्या राहू द्या." आई म्हणाली, "का रं? पूजा न्हाय व्हय यंदा?" तो म्हणाला, "पूजा हाय की." आणि गेला. इस्त्रीवाल्याकडून साडी मीच आणली. अजून तशीच घडी घालून ठेवली आहे.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. त्यात मी विम्याच्या ऑफिसात मोडक्या गाड्यांचे कागद टाइप करते. कोण कुठं खोटं बोललंय हे बघायची सवय लागली आहे. पहिला संशय मला येडूचाच आला. गाडी त्याच्या हातात बिघडली, आणि मेलेल्या माणसावर ढकलणं सगळ्यात सोपं. मी त्याला एमआयडीसीच्या चहाच्या गाड्यावर गाठलं. तो म्हणाला, "पिंकीताई, दोन म्हैन्यात इंजिन मारायचं म्हणलं तर मला दगडं टाकावी लागली असती त्यात." बरोबर होतं. मग मला मालकांचा संशय आला. डबे देत होते कशावरून? मग गॅरेजच्या ईश्वरप्पांचा आला. हे गॅरेजवाले तेल बदलल्याचं सांगतात आणि गाळून तेच परत भरतात असं आमच्या ऑफिसात रोज ऐकते. आण्णांचा संशय मात्र आला नाही. खरं सांगायचं तर मी तो येऊ दिला नाही.

शुक्रवारी दिवाळीची साफसफाई म्हणून माळ्यावर चढले. मागं जुन्या गाद्यांच्या आड तेलाचे आठ डबे होते. सीलबंद. प्रत्येकावर पांढरी पट्टी, आणि पट्टीवर आण्णांच्या अक्षरात, डबा मिळाला त्या दिवसाची तारीख. खालून आई म्हणाली, "काय गं, पाल हाय का?" मी व्हय म्हणाले आणि गाद्या परत पुढं ओढल्या.

दादा, त्या रात्री मला तुझं म्हणणं पटलं. तू टाकीतून काढलेल्या त्या पाच लिटर डिझेलसाठी आण्णांनी तुला कॉलर धरून मालकांपुढं नेलं होतं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. तू पुण्याला गेलास आणि आण्णा दोन दिवस जेवले नाहीत. तेच आण्णा दर वेळी मालकांना "बदललं" म्हणून सांगत होते आणि डबा घरी आणत होते. फक्त एक गोष्ट मला समजेना. चोरलेलं तेल माणूस विकतो. त्यावर तारीख लिहून सात वर्षं जपून ठेवत नाही.

काल अर्धी सुट्टी काढून ईश्वरप्पांकडे गेले. ते आधी चिडलेच. "यव्वा, मी काय तेल पितोय व्हय?" मी म्हणाले, मला फक्त आण्णा तेल किती वेळा बदलायचे तेवढं सांगा. तेव्हा ते टायरवर बसले आणि मलाही स्टूल दिलं. म्हणाले, "वर्षाला एकदा यायचा तुझा बाप. दहा हजार झालं की. मी म्हनायचो, कुंडलिक, गाडी रोज धुळीत हाय, टॉवेलाचे गठ्ठे भरून वाकती बिचारी, दोन किलोमीटर जाती आन् थांबती, पुन्हा दोन किलोमीटर. हिला पाच हजाराला बदल. तर म्हनायचा, कंपनीच्या पुस्तकात दहा हजार लिवलंय, ईश्वरप्पा. पुस्तक खोटं बोलतंय, आन् तू तेल विकणारा खरं बोलतोस व्हय?" हे सांगताना ते हसले. मग म्हणाले की नवी गाडी आली त्या वर्षी आण्णांनी मालकांनाही तेच सांगितलं होतं, की या गाडीला पाच हजाराला तेल लागत नाही, उगाच चांगलं तेल ओतून देऊ नका. मालक चारचौघांत म्हणाले, "कुंडलिक, तू गाडी चालव, पुस्तक मी वाचतो." त्यानंतर आण्णा काही बोलले नाहीत. दिलेला डबा घ्यायचे. ईश्वरप्पांनी एकदा विचारलं, त्या डब्यांचं काय करतोस? म्हणाले, "ठेवलेत. गाडी लाखाच्या पुढं पळाली की सगळे डबे मालकाच्या टेबलावर मांडतो. मग कळंल कोण वाचतंय ते."

तुला आण्णांचा हा ताठा माहीत आहे. पण लाखापर्यंत गाडी पोचली नाही.

तिथून मी येडूकडे गेले आणि टेम्पोचं पुस्तक मागून घेतलं. सीटखालच्या कप्प्यात होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत. इंग्रजीत आहे. एका पानावर तक्ता आहे, तेल बदलण्याची मुदत, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. आण्णा खोटं बोलत नव्हते. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय, पुढील पान पाहा. पुढच्या पानावर लिहिलंय की गाडी धुळीच्या रस्त्यावर, जड माल भरून किंवा सतत थोड्या थोड्या अंतरासाठी चालवली जात असेल तर वरची मुदत निम्मी धरावी. म्हणजे पाच हजार. म्हणजे मालक बरोबर होते आणि ईश्वरप्पाही. आमच्या ऑफिसातले लोक वाद घालतात, कोण तीन हजार म्हणतं, कोण पंधरा. खरी गोष्ट एवढीच आहे की गाडी कुठं आणि कशी चालते त्यावर ते असतं, आणि ते पुढच्या पानावर असतं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. आण्णांना इंग्रजी येत नव्हतं. २०१८ साली नवा टेम्पो आला त्या आठवड्यात ते हे पुस्तक घरी घेऊन आले होते. तू नव्हतास. माझी बारावीची चाचणी होती दुसऱ्या दिवशी. ते माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "तेलाचं काय लिवलंय तेवढं वाच." मी तक्ता वाचून दाखवला. त्यांनी दोनदा म्हणून पाठ केलं. मग विचारलं, "आन् पुढं काय हाय?" मी पान उलटलं नाही. "तेच ते हाय, आण्णा, मला अभ्यास करू द्या," असं म्हणाले. ते पुस्तक उचलून हळूच बाहेर गेले, मला त्रास नको म्हणून. दादा, ते माझ्या भरवशावर सात वर्षं मालकांशी मनात भांडत राहिले. ते चोर नव्हते. मालकांना खोटं सांगितलं हे खरं, ते मी झाकत नाही. पण इंजिन त्यांनी माझ्यामुळं घालवलं. उद्या सकाळी ऑफिसच्या आधी मी डबे आणि पुस्तक घेऊन मालकांकडे जाणार आहे आणि कामगारांसमोरच सांगणार आहे, कारण विचारलं होतं त्यांच्यासमोरच. मला चारचौघांत बोलता येत नाही, तरी सांगेन. त्याआधी तुला कळायला हवं होतं. आईला आज रात्री सांगेन. तू दिवाळीला यायचं की नाही ते तुझं तू ठरव, पण आण्णांवर राग धरू नको. धरायचा तर माझ्यावर धर. नळाला पाणी आलंय, आज पाचव्या दिवशी, आणि धार बारीक आहे. आई यायच्या आत पिंप भरून घेते.

तुझीच,
पिंकी