सेवाविराम समितीचा पहिला लाभार्थी

३ फेब्रुवारी १९८४, शुक्रवार. सकाळी.
नवी वही. निश्चय: आजपासून अन्यायाविरुद्ध लढायचं. सुरुवात स्वतःच्या घरापासून.
आईला अर्धांगवायू होऊन दीड वर्ष झालं. उजवी बाजू गेली. बोलणं चार शब्दांवर आलं: हो, नको, पाणी, हेमा. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं हेमा करते. एकटी. दीड वर्षात ती खालच्या कोल्ड स्टोअरपलीकडे (इथे किराणा दुकानाला हेच म्हणतात) गेलेली नाही. काल आमटीत मीठ दोनदा पडलं. मी बोललो. मग पाहिलं तर ती ओट्याला टेकून उभ्या उभ्या झोपली होती.
मीना सलमान बंदरावर आमच्या वर्कशॉपात प्रत्येक पंपाला स्टँडबाय पंप असतो. मी स्टोअर्स ऑफिसर आहे, मला ठाऊक. आणि माझ्या बायकोला स्टँडबाय नाही! मी हे खपवून घेणार नाही.

त्याच दिवशी. दुपारी.
हेमाला सांगितलं, तुला सुट्टी मिळवून देणारच. ती म्हणाली, तोवर आईंना जरा धरा, चादर बदलायचीय. मूळ प्रश्न कुठे, ही चादर कुठे! शिवाय माझी कंबर.

६ फेब्रुवारी, सोमवार.
समिती स्थापन. सेवाविराम समिती, मनामा, बहारीन. नाव माझं. उद्देश: घरात आजारी माणसाचं करणाऱ्या आयाबहिणींना हक्काची विश्रांती. अध्यक्ष मी, सदानंद. सेक्रेटरी शिरीष (बँकेत असतो). सदस्य विवेक (इंजिनियर. आईवडील पुण्यात, त्यामुळे सुखी). सभा आमच्याच घरी, कारण आईला टाकून जाता येत नाही.
हेमाने बटाटेवडे केले. मध्ये आईने दोनदा हाक मारली म्हणून दुसरा घाणा उशिरा आला. शिरीष म्हणाला, वहिनींना सुट्टी मिळालीच पाहिजे, आणि आणखी दोन घेतले.

१० फेब्रुवारी, शुक्रवार.
दुसरी सभा. साबुदाण्याची खिचडी. घटना मंजूर. कलम चार महत्त्वाचं: बदली माणूस असल्याशिवाय कुणालाही सुट्टीवर सोडू नये. बदली माणूस आणायचा कुठून, यावर उपसमिती नेमली.
शेजारच्या रुकय्याभाभी (खेडच्या. सासरे तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले) दारात उभं राहून म्हणाल्या, अवो भाऊ, बायांची कमिटी ना ही, मग यात बाई कुठं हाय? मी शांतपणे समजावलं की बायकांना कामातून वेळ नसतो. त्या हसल्या. काही लोकांना संघटनेचं महत्त्वच कळत नाही.

१३ फेब्रुवारी, सोमवार.
रबरी शिक्का आला. गोल. मधोमध समई. रजिस्टरही आखलं. रकाने पाच: अनुक्रमांक, लाभार्थी, तारीख, बदली माणूस, शेरा. रात्री हेमाला शिक्का मारून दाखवला. छान उमटतो म्हणाली.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार.
विजय! झल्लाकला समुद्रावर कंपनीचं शॅले, म्हणजे सुट्टीचं घर आहे. गुरुवार-शुक्रवारसाठी (इथे गुरुवारी अर्धा दिवस, शुक्रवारी सुट्टी) ते मिळवलं. ऑफिसातल्या गनीने फॉर्मवर सही ठोकली, खलास म्हणाला.
तिसरी सभा. पहिला लाभार्थी कोण? मी अर्थातच हेमाचं नाव सुचवलं. विवेकने कलम चार काढलं. वहिनींना बदली माणूस कुठेय? उलट सदानंदला बदली माणूस आहे: वहिनी. म्हणजे घटनेप्रमाणे पात्र फक्त सदानंद. शिवाय त्याच्या मनावर केवढा ताण! शिरीषने अनुमोदन दिलं.
मी विरोध केला. बराच केला. शेवटी लोकशाहीपुढे मान तुकवावी लागली.
हेमा भजी घेऊन आली होती. ऐकून ताटली ठेवली आणि आत गेली. भजी जरा कच्ची होती.

२२ फेब्रुवारी, बुधवार.
बॅग भरली. लोक नावं ठेवतील, ठेवोत. कुणीतरी पायंडा पाडायलाच हवा. हेमाने विचारलं, तिथल्या पलंगावर गादी जाड आहे का. किती काळजी माझी! किल्ली कुठे ठेवलीत, तेही विचारलं. टीव्हीवर, म्हटलं.

२३ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी २.
ऑफिसातून आलो. बॅग आहे. किल्ली नाही. हेमा नाही. आईजवळ रुकय्याभाभी बसल्या होत्या, मला पाहून उठून गेल्या. टीव्हीवर रजिस्टर उघडं. अनुक्रमांक एक. लाभार्थी: हेमा. बदली माणूस: सदानंद. शिक्का मारलेला.
कोल्ड स्टोअरवाला म्हणतो, विवेकच्या बायकोची गाडी होती. स्मितावहिनीसुद्धा! हे बंड आहे. तीव्र निषेध.

३.१५
आईची कूस बदलली. चुकीच्या बाजूला.

५.४०
चादर एकट्याला बदलता येते. आई तिच्यावर असताना कशी बदलतात, देव जाणे.

६.००
कलम चारनुसार शिरीषला फोन. त्याला ताप आहे. विवेकलाही ताप आहे.

७.३०
आईला पेज भरवली. अर्धी तिच्या पोटात, अर्धी माझ्या शर्टवर. आई हसली. तिच्या तोंडाचा एकच कोपरा हसतो, पण चांगली हसली. हे मी दीड वर्षात पाहिलं नव्हतं. पाहायला इथे बसलोच नव्हतो. वाईट वाटलं. पण निषेध कायम.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी.
हेमा आली. कडक भाषण तयार होतं. सुरुवात म्हणून विचारलं, समुद्र कसा होता? म्हणाली, पाहिला नाही. काल गेल्या गेल्या पडले, ते आज दुपारी स्मिताने उठवलं. एवढं सांगून आईची कूस बदलायला गेली.
चोवीस तास! आजारी नव्हती, काही नाही. नुसती झोपली. भाषण राहून गेलं.

२५ फेब्रुवारी, शनिवार.
कंबर धरली आहे. तरी झुकणार नाही. संध्याकाळी सभा बोलावून बंडाचा निषेध रीतसर नोंदवणार.

त्याच दिवशी. संध्याकाळी.
शिरीष, विवेक आले नाहीत. आल्या त्या स्मितावहिनी, रुकय्याभाभी आणि तळमजल्यावरच्या रत्नाबाई (सासू आंधळी, सारखी उठून चालायला लागते). चहा मी केला.
निषेध लिहायला रजिस्टर उघडलं, तर पान भरलेलं. दोन: रुकय्या, २ मार्च. तीन: रत्नाबाई, ९ मार्च. चार: हेमा, १६ मार्च. बदली माणसाच्या रकान्यात चारही ओळींत एकच नाव. शिक्के अगदी स्वच्छ उमटलेत.
मी ठणकावलं, अध्यक्षाच्या सहीशिवाय हे सगळं बेकायदेशीर आहे! हेमाने पेन पुढे केलं. मी आईकडे पाहिलं. म्हटलं निदान ती तरी मुलाची बाजू घेईल.
आई म्हणाली, हो.
सही केली. जाताना रुकय्याभाभी म्हणाल्या, शुक्रवारी सकाळी सातला या भाऊ, सासरे लई वजनदार हायत, तवर कंबर शेकून घ्या.